मेक्सिकोतील श्वानजन्य रेबीजचे निर्मूलन : सीमाभागातील वैद्यकांसाठी एक पाठ

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. नुकताच व्यवसाय सुरू केला होता. खानापूर तालुक्यातील एका खेड्यातून एक शेतकरी आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आला. अंगणात खेळताना कुत्र्याने मुलाच्या उजव्या गालाचा व बोटांचा चावा घेतला होता. आजीने जखमेत चुना भरला होता. मी चुना काढला, जखम धुतली, गालावर व्रण राहू नये म्हणून दोन टाके घातले आणि लस सुरू केली. सीरम माझ्याजवळ नव्हते. 'मोठ्या रुग्णालयात जाऊन तेवढे घ्या' असे मी सांगितले आणि चिठ्ठीही लिहून दिली. त्या शेतकऱ्याजवळ बसभाड्यापुरतेही पैसे नव्हते, हे मी विचारले नाही. लसीच्या तीन मात्रा त्याने न चुकता दिल्या. अठराव्या दिवशी तो मुलाला पुन्हा घेऊन आला. मुलाला ताप होता. पाण्याचा पेला पुढे करताच त्याचा गळा आवळला गेला आणि डोळ्यांत जी भीती उमटली, ती आपल्यापैकी ज्यांनी एकदा पाहिली असेल त्यांना वर्णन करून सांगावयास नको. वडिलांनी एकच प्रश्न केला, "डॉक्टरसाहेब, इंजेक्शनं सगळी घेतली की हो?"

या प्रश्नाचे अर्धे उत्तर वैद्यकशास्त्रात आहे : तृतीय श्रेणीच्या दंशात केवळ लस पुरत नाही, जखमेत सीरम भरावेच लागते आणि सीरमाविना टाके घालणे हे तर विषाणूला मज्जातंतूंकडे वाट करून देणेच होय. ती चूक माझी होती. परंतु उत्तराचा उरलेला अर्धा भाग दवाखान्याच्या बाहेर, रस्त्यावर आहे. त्या कुत्र्याला वेळीच लस मिळाली असती, तर मुलाला ना माझ्या लसीची गरज पडली असती, ना सीरमची. हा दुसरा अर्धा भाग एका विशाल, आपल्यासारख्याच गरिबी व दाट वस्तीच्या प्रश्नांनी ग्रासलेल्या देशाने कसा सोडवला, त्याचा अभ्यास प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. तो देश म्हणजे मेक्सिको.

मेक्सिकोचे यश नेमके कोणते?

नोव्हेंबर २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मेक्सिकोला श्वानजन्य मानवी रेबीजचे सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून निर्मूलन केल्याबद्दल मान्यता दिली. अशी मान्यता मिळवणारा तो जगातील पहिला देश ठरला. १९९० साली त्या देशात कुत्र्यांपासून झालेल्या रेबीजने ६० माणसे दगावली होती. १९९९ मध्ये हा आकडा ३ वर आला. शेवटचे दोन रुग्ण मेक्सिको राज्यातील होते. त्यांना दंश २००५ साली झाला आणि लक्षणे २००६ साली दिसली. त्यानंतर कुत्र्यापासून माणसाला रेबीज झाल्याची नोंद नाही.

येथे शब्दांचा अर्थ काटेकोरपणे घेणे आवश्यक आहे. मेक्सिकोतून रेबीजचा विषाणू नाहीसा झाला, असा याचा अर्थ नव्हे. मान्यतेची मुख्य अट अशी, की सलग दोन वर्षे कुत्र्यापासून झालेल्या रेबीजने एकही माणूस दगावता कामा नये, आणि हे सिद्ध करण्याइतकी रोगसर्वेक्षणाची यंत्रणा विश्वासार्ह असली पाहिजे. ज्या देशात कोणी शोधतच नाही, तेथे रुग्ण सापडणारही नाहीत. अशा शून्याला काही किंमत नाही. म्हणूनच मेक्सिकोने डिसेंबर २०१६ मध्ये मान्यतेची औपचारिक प्रक्रिया सुरू केली, तेव्हा १९९० पासूनच्या माहितीचा तीनशेहून अधिक पृष्ठांचा अहवाल सादर करावा लागला. स्वतंत्र आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी त्याची छाननी केली. शेवटच्या रुग्णापासून मान्यतेपर्यंत तेरा वर्षे गेली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

प्रवासाची पार्श्वभूमी

मेक्सिकोचा रेबीजशी लढा जुना आहे. पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ मायस्टर या मुलास पहिली लस टोचली आणि अवघ्या तीन वर्षांत, १८८८ साली, डॉ. एदुआर्दो लिसेआगा यांनी ती पद्धत पॅरिसहून मेक्सिकोत आणली. परंतु पुढील शंभर वर्षे सारा भर दंश झालेल्या माणसाला लस देण्यावरच राहिला. कुत्र्यांमधील रोग तसाच चालू होता आणि शहरे जसजशी वाढली तसतसा तोही वाढला. आपली कथा याहून फारशी वेगळी नाही. कसौलीची पाश्चर संस्था १९०० साली व कुन्नूरची १९०७ साली सुरू झाली. मेंढीच्या मेंदूपासून केलेली सेंपल लस पोटात टोचून घेण्याची आठवण आपल्यापैकी अनेक ज्येष्ठांना असेल. त्या लसीचे उत्पादन भारतात २००४ च्या अखेरीस थांबले. शंभर वर्षे आपणही माणसालाच टोचत राहिलो.

१९८३ साली इक्वेडोरमधील ग्वायाकील येथे अमेरिका खंडातील देशांच्या रेबीज नियंत्रण कार्यक्रमप्रमुखांची बैठक झाली आणि श्वानजन्य रेबीज खंडातून हटवण्याचा सामूहिक निर्धार करण्यात आला. अखिल अमेरिकी आरोग्य संघटनेने तांत्रिक साहाय्य दिले. त्या वर्षापासून २०१९ पर्यंत त्या खंडात मानवी रेबीजचे प्रमाण ९५ टक्क्यांहून अधिक, तर कुत्र्यांमधील रेबीजचे प्रमाण ९८ टक्क्यांच्या आसपास घटले. या दोन आकड्यांचा परस्परसंबंध पाहावा. कुत्र्यांतील रोग कमी झाला, म्हणून माणसांतील मृत्यू कमी झाले. उलट क्रमाने ते कोठेही घडलेले नाही.

मेक्सिकोने काय केले?

१९९० पासून मेक्सिकोने पाच गोष्टी एकाच वेळी आणि सातत्याने केल्या.

पहिली गोष्ट कुत्र्यांच्या सामूहिक व मोफत लसीकरणाची. दरवर्षी मार्च महिन्यात राष्ट्रीय लसीकरण सप्ताह होतो व सप्टेंबरच्या सुमारास दुसरी फेरी होते. चौकात, बाजारात, शाळेच्या पटांगणात टेबल मांडून आरोग्य कर्मचारी बसतात आणि लोक आपापली कुत्री दोरीला बांधून, लहान मुले तर पिलांना कडेवर घेऊन येतात. लस विनामूल्य असते. या मोहिमांतून ८० टक्क्यांहून अधिक कुत्र्यांपर्यंत लस पोहोचली आणि पुढे प्रतिवर्षी दीड कोटीहून अधिक मात्रा देण्यात येऊ लागल्या. यातील महत्त्वाची बाब अशी, की हे काम तेथील आरोग्य खात्याने आपले म्हणून अंगावर घेतले. आपल्याकडे कुत्रा चावला की प्रश्न आरोग्य खात्याचा, कुत्रा आजारी पडला की पशुसंवर्धन खात्याचा आणि कुत्रा रस्त्यावर फिरला की नगरपालिकेचा. या तिघांच्या मधल्या फटीतून विषाणू निर्वेधपणे ये-जा करतो.

दुसरी गोष्ट, दंश झालेल्या माणसास सरकारी आरोग्य केंद्रांतून वेळेवर लस व सीरम मिळण्याची. तिसरी, अखंड रोगसर्वेक्षणाची : संशयित कुत्र्याच्या मेंदूचा नमुना प्रयोगशाळेत गेलाच पाहिजे, ही शिस्त. चौथी, वेळेवर प्रयोगशाळा-निदानाची. आणि पाचवी, लोकशिक्षणाची. यांतील एकही गोष्ट नवी नाही वा असाध्य तंत्रज्ञानाची नाही. नवे होते ते सातत्य. तीस वर्षांत सरकारे बदलली, आर्थिक अरिष्टे आली. परंतु मार्च महिना आला की टेबले मांडली गेली.

सत्तर टक्केच का?

कुत्र्यांच्या लसीकरणात ७० टक्क्यांचे उद्दिष्ट सर्वत्र सांगितले जाते. ते कोठून आले, हे समजून घेणे वैद्यकांना अवघड नाही. रेबीज हा कुत्र्यांमध्ये फार वेगाने पसरणारा रोग नव्हे. एक पिसाळलेला कुत्रा सरासरी किती कुत्र्यांना रोग देतो, हा आकडा जगभरातील विविध साथींच्या अभ्यासांत १.०५ ते १.८५ या मर्यादेत आढळला आहे. गोवराचा रुग्ण डझनभराहून अधिक मुलांना रोग देतो, त्या मानाने हे काहीच नाही.

समजा, हा आकडा १.५ आहे. एका रोग्यामागे एकाहून कमी नवा रोगी व्हावा, यासाठी एक-तृतीयांश, म्हणजे सुमारे ३३ टक्के कुत्री सुरक्षित असली तरी पुरे. सर्वांत वाईट परिस्थितीतील १.८५ हा आकडा घेतला, तर ही मर्यादा ४६ टक्क्यांच्या आसपास जाते. मग ७० कशाला? कारण रस्त्यावरील कुत्र्यांचे आयुष्य अल्प असते. शंभर कुत्र्यांपैकी ७० जणांना आज लस दिली आणि वर्षभरात ३५ कुत्री मरून त्यांच्या जागी तितकीच नवी पिले आली असे धरले, तर वर्षाअखेर लस घेतलेली ४५ च्या आसपास उरतात. म्हणजे वाईट परिस्थितीतही आपण जेमतेम काठावर असतो, आणि तेवढ्यात पुढील वर्षाची मोहीम येते. हेच लसीकरण ५० टक्क्यांवर थांबले, तर वर्षाअखेर ३२-३३ च उरतात. रोगाला पुन्हा वाव मिळतो. याच हिशेबात दोन धडे आहेत. एक, अर्धवट मोहीम ही कमी खर्चाची मोहीम नव्हे; तो वाया गेलेला खर्च होय. दुसरा, एक वर्ष खंड पडला तर आधीच्या वर्षाचे श्रमही पाण्यात जातात.

याच अंकगणिताने कुत्री मारण्याचा उपाय का फसतो, तेही उलगडते. वरील शंभरांपैकी ३० कुत्री सरसकट मारली, तर त्यांत सरासरी २१ लस घेतलेली असणार. उरलेल्या सत्तरांत ४९ सुरक्षित. रिकाम्या जागी आसपासची नवी, लस न घेतलेली ३० कुत्री येतात आणि ७० टक्क्यांचे संरक्षण एका झटक्यात ४९ वर येते. ज्या कुत्र्याला आपण लस दिली, तो त्या गल्लीचा पहारेकरी असतो. त्याला मारणे म्हणजे आपणच उभारलेली भिंत पाडणे होय. ही भूतदयेची भाषा नाही, साथरोगशास्त्राची आहे. भूतदया मानणाऱ्यांचा आणि कुत्र्यांना भिणाऱ्यांचा वाद आपल्याकडे कायमचा चालतो. परंतु दोघांच्याही मुलांचे रक्षण लसीनेच होते.

अपुरे राहिलेले काम

मेक्सिकोचे यश सांगताना त्याची मर्यादाही सांगणे प्रामाणिकपणाचे आहे. त्या देशात रक्तपिपासू वटवाघळे आहेत. ती गुराढोरांचे रक्त पितात, त्यांना पक्षाघाती स्वरूपाचा रेबीज देतात आणि क्वचित माणसांनाही चावतात. २०२२ च्या अखेरीस वाहाका राज्यातील एका दुर्गम खेड्यात वन्य प्राण्याच्या दंशानंतर मुलांना रेबीज झाला. कुत्र्यापासूनचा रोग गेला, तरी रानातील विषाणू शिल्लक आहे आणि दुर्गम गावातील मुलाला आरोग्य केंद्र अजूनही दूर आहे. निर्मूलनाची मान्यता मिळाली म्हणून तेथे लसीकरण बंद झालेले नाही, तसे ते करताही येणार नाही.

आपल्याकडे अशी रक्तपिपासू वटवाघळे नाहीत. भारतातील मानवी रेबीजचे मूळ प्रायः कुत्र्यातच आहे. या दृष्टीने आपला प्रश्न मेक्सिकोपेक्षा सोपा आहे. कठीण आहे ती दुसरी बाजू : मेक्सिकोतील बहुसंख्य कुत्र्यांना कोणी ना कोणी धनी आहे, जो त्यांना दोरीने बांधून लसीच्या टेबलापाशी आणू शकतो. आपल्याकडे २०१९ च्या पशुगणनेत दीड कोटीहून अधिक भटकी कुत्री नोंदवली गेली. ती कोणाचीच नसतात आणि साऱ्या गल्लीची असतात. त्यांना टेबलापाशी कोण आणणार?

गोव्याने दिलेले उत्तर

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास आपणांस समुद्रापलीकडे जावयास नको. चोर्ला घाट उतरला की ते सापडते. गोव्यात २०१३ नंतर राज्य शासन व 'मिशन रेबीज' ही संस्था यांनी मिळून राज्यव्यापी मोहीम उभारली. पथके जाळी घेऊन गल्लोगल्ली फिरली. भटका कुत्रा जाळीत धरायचा, लस टोचायची, अंगावर रंगाची खूण करायची आणि त्याच जागी सोडून द्यायचा. कोणत्या वाड्यात किती कुत्री झाली व किती राहिली, याची नोंद जागच्या जागी मोबाइल फोनवर होत गेली, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पथक कोठे पाठवायचे हे अंदाजाने नव्हे तर नकाशा पाहून ठरू लागले. वर्षाला ९५ हजारांहून अधिक कुत्र्यांना लस देऊन ७० टक्के प्रमाण गाठले गेले. त्याबरोबरच प्रतिवर्षी सुमारे दीड लाख शाळकरी मुलांना कुत्र्याशी कसे वागावे व दंश झाल्यास काय करावे, याचे धडे देण्यात आले. परिणामी कुत्र्यांमधील रेबीजचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी घटले आणि २०१८ व २०१९ या वर्षांत राज्यात मानवी रेबीजचा एकही मृत्यू नोंदला गेला नाही. २०२१ मध्ये गोवा हे देशातील पहिले रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले.

येथेच आपल्या सीमाभागाचा प्रश्न उभा राहतो. भाषेच्या व राज्याच्या सीमा आपण नकाशावर आखतो. विषाणू त्या वाचत नाही. गोव्याच्या एका बाजूस सिंधुदुर्ग, दुसऱ्या बाजूस बेळगाव व कारवार. घाटावरून भाजीची वाहने रोज खाली उतरतात, घाटाखालची माणसे रुग्णालयासाठी वर येतात. सीमेच्या एका बाजूस ७० टक्के कुत्री सुरक्षित आणि दुसऱ्या बाजूस मोहीमच नाही, अशी स्थिती राहिली तर सुरक्षित भागाला दरवर्षी बाहेरून येणारा रोग परतवीत बसावे लागेल. मेक्सिकोचे यशही एकट्याचे नव्हते. खंडातील देशांनी १९८३ साली एकत्र बसून निर्धार केला म्हणून ते साधले. तीन राज्यांच्या चार जिल्ह्यांनी तसे बसावे, ही अपेक्षा मोठी नाही.

भारत आज कोठे आहे?

२००३ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात भारतात दरवर्षी २०,५६५ माणसे रेबीजने मरतात असा अंदाज निघाला होता. २०२२-२३ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ७८ हजारांहून अधिक कुटुंबांची पाहणी केली; तीवरून वर्षाला सुमारे ९१ लाख प्राणीदंश आणि ५,७२६ मृत्यू असा अंदाज मांडण्यात आला. दोन्ही पाहण्यांच्या पद्धती वेगळ्या असल्याने आकड्यांची थेट वजाबाकी करणे योग्य नव्हे; तथापि पेशीसंवर्धित लस, २००६ पासून मान्य झालेली त्वचेत देण्याची कमी खर्चाची पद्धत आणि वाढती जागरूकता यांमुळे मृत्यू घटले, हे मानण्यास जागा आहे. याच पाहणीत दर चार दंशांपैकी तीन कुत्र्याचे होते, आणि दंश झालेल्या पाचांपैकी एकाने लसीची एकही मात्रा घेतलेली नव्हती. आपले मृत्यू तेथे दडलेले आहेत.

२८ सप्टेंबर २०२१ रोजी, जागतिक रेबीज दिनी, केंद्र शासनाने श्वानजन्य रेबीज निर्मूलनाची राष्ट्रीय कृतियोजना जाहीर केली आणि २०३० हे उद्दिष्ट ठरवले. मानवी रेबीज हा सूचनीय रोग म्हणून जाहीर करावा, अशी सूचना राज्यांना देण्यात आली. भटक्या कुत्र्यांच्या संततिनियमनाचे २००१ चे नियम २०२३ मध्ये नव्याने आले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटक्या कुत्र्यांविषयी आधी त्यांना आश्रयस्थानात ठेवण्याचा व नंतर, रोगट व आक्रमक कुत्री वगळता, निर्बीजीकरण व लसीकरण करून मूळ जागी सोडण्याचा आदेश दिला, तेव्हा हा विषय घरोघरी चर्चिला गेला. चर्चा झाली, ती बहुतांशी कुत्री ठेवावी की हटवावी याची. त्यांपैकी किती जणांना लस मिळाली, हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

आपण काय करावे?

आपण खासगी वैद्यक आहोत, लसीकरणाची पथके आपल्या हाती नाहीत, असे म्हणून बाजूला होता येणार नाही. आपल्या हाती पुढील गोष्टी निश्चित आहेत.

जखम साबण व वाहत्या पाण्याने पूर्ण पंधरा मिनिटे धुणे हा उपचाराचा पहिला व सर्वांत स्वस्त भाग आहे. घड्याळ लावून तो करावा व त्यानंतर आयोडिनयुक्त जंतुनाशक लावावे. टाके शक्यतो घालू नयेत. घालणे भागच असेल तर आधी जखमेत सीरम भरून, काही तासांनी, सैल घालावेत. कातडी फाटून रक्त आले, किंवा लाळ श्लेष्मल त्वचेला लागली, की तो तृतीय श्रेणीचा दंश होय. अशा रुग्णाला घोड्याचे सीरम किलोमागे ४० एकक, मानवी सीरम किलोमागे २० एकक या कमाल मर्यादेत जखमेत व जखमेभोवती भरावे. २०१८ पासूनच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार उरलेले सीरम दूरच्या स्नायूत टोचण्याची गरज नाही. जखमेतील भागच जीव वाचवतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेले एककृंतक प्रतिपिंड २०१७ पासून उपलब्ध असून ते एक चांगला पर्याय आहे. पहिल्या दिवशी सीरम राहून गेले तरी लसीच्या पहिल्या मात्रेपासून सात दिवसांपर्यंत ते देता येते, हे ध्यानात ठेवावे. मला ते तेव्हा ठाऊक असते, तर मुलगा दुसऱ्या आणि तिसऱ्या मात्रेसाठी आला तेव्हाही वेळ गेलेली नव्हती.

लस त्वचेत द्यावयाची असल्यास आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शनानुसार ०, ३, ७ व २८ व्या दिवशी दोन-दोन जागी ०.१ मिलिलिटर, स्नायूत असल्यास ०, ३, ७, १४ व २८ व्या दिवशी. गर्भारपण, स्तनपान वा बालवय यांपैकी काहीही लसीच्या आड येत नाही. पूर्वी पूर्ण लस घेतलेल्यास पुन्हा दंश झाल्यास ० व ३ या दोनच मात्रा पुरतात आणि सीरम लागत नाही. 'कुत्रा पाळीव आहे', 'पिलू लहान आहे', 'नुसते ओरखडले आहे' या तीन वाक्यांवर विश्वास ठेवून उपचार थांबवू नये. कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवता येत असेल तर तो अवश्य ठेवावा, परंतु उपचार त्याची वाट पाहत थांबत नाहीत.

याखेरीज दोन गोष्टी दवाखान्याबाहेरच्या. प्रत्येक दंशाबरोबर कुत्र्याचा पत्ता विचारावा : कोणती गल्ली, कोणता वाडा, कुत्रा अद्याप जिवंत आहे की मेला. एकाच गल्लीतून आठवड्यात तीन रुग्ण आले, तर त्या गल्लीत एक पिसाळलेला कुत्रा फिरतो आहे, हे सर्वांत आधी आपल्यालाच समजते. ती माहिती आरोग्याधिकारी व पशुवैद्यक यांना त्याच दिवशी कळवली पाहिजे. दुसरी गोष्ट, आपल्या मंडळाने वर्षातील एक दिवस पशुवैद्यकांबरोबर बसावे. बेळगाव, खानापूर, चंदगड, दोडामार्ग या पट्ट्यातील वैद्यक व पशुवैद्यक एका नकाशावर दंश आणि लसीकरण यांच्या खुणा करू लागले, तर कोणत्या गावी मोहीम जावयास हवी हे सांगण्यास दिल्लीहून तज्ज्ञ आणावे लागणार नाहीत.

उपसंहार

मेक्सिकोचा धडा थोडक्यात सांगायचा तर असा : रेबीज हा माणसाचा रोग नाही, तो कुत्र्याचा रोग आहे, माणूस त्यात अपघाताने सापडतो. माणसाला लस देऊन मृत्यू टाळता येतात, परंतु रोग संपवता येत नाही. तो संपवण्यास कुत्र्याला लस द्यावी लागते, दहांपैकी सात कुत्र्यांना, दरवर्षी, न थांबता. एका देशाने हे काम तीस वर्षे केले आणि ६० मृत्यूंवरून शून्यावर आला. आपल्या शेजारच्या छोट्या राज्याने अवघ्या सहा-सात वर्षांत तेच घडवले. आपल्याकडे ते होणार नाही, असे म्हणण्यास आता आधार उरलेला नाही.

त्या शेतकऱ्याला मी त्या दिवशी काही उत्तर देऊ शकलो नाही. मूल दोन दिवसांनी गेले. तो पुढेही माझ्याकडे येत राहिला, मुलीला घेऊन, आईला घेऊन. त्याने तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही. माझ्या दवाखान्यातील शीतपेटीत तेव्हापासून सीरम कायम असते. गावाच्या चौकात लसीचे टेबल मात्र अजून लागलेले नाही. ते लागावे, यासाठी या स्मरणिकेच्या वाचकांपैकी चार-दोन जण जरी पुढे आले, तरी या लेखाचे सार्थक झाले असे मी मानीन.